कुस्कोची वाट आणि एकादशीचे ताट

आषाढी एकादशीचे ताट क्षणभर डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, तीत दाण्याचे कूट आणि हिरव्या मिरचीचे तुकडे. शेजारी बटाट्याची भाजी, उकडलेले रताळे, राजगिऱ्याचा लाडू. मग वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वाटीभर दही. या ताटाइतके आपले, इतके घरगुती, इतके सोवळे दुसरे काय असणार? पण वाचकहो, इतिहासाच्या मास्तराला अशा ठिकाणी गप्प बसवत नाही. या ताटातला प्रत्येक जिन्नस त्याच्या मूळ गावी परत पाठवायचा असे समजा ठरवले, तर मागे काय उरेल? वरी, दही, तूप, जिरे आणि लाडवातला गूळ. बटाटा गेला, भुईमूग गेला, रताळे, राजगिरा आणि मिरचीही गेली. साबुदाणा ज्या कंदाच्या पिठापासून होतो तो कंदसुद्धा गेला. सारे गेले ते एकाच दिशेला, अमेरिका खंडाकडे.

कोलंबस अटलांटिक ओलांडून गेला १४९२ साली. ज्ञानेश्वर महाराजांचा काळ १२७५ ते १२९६. म्हणजे माउलींच्या काळच्या एकादशीच्या ताटात यांतला एकही पदार्थ असणे शक्य नव्हते. तुकाराम महाराजांच्या काळी, सतराव्या शतकात, यांतले काही आपल्या किनाऱ्यावर उतरले होते. पण घाटावरच्या घराघरांत त्यांचे बस्तान बसायला पुढे बराच काळ जायचा होता.

आमची विश्रांतवाडी आळंदीच्या रस्त्यावर आहे. ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी आळंदीहून निघते, दिघी-कळस करीत विश्रांतवाडीवरून पुण्यात शिरते. पुण्याचा मुक्काम आटोपून ती सासवडची वाट धरते, आणि दिवे घाटाची ती अवघड चढण बहुधा एकादशीच्या दिवशीच येते. उपवासाने घाट चढणाऱ्या वारकऱ्याच्या हातावर कोणी मूठभर शेंगदाणे ठेवतो, कोणी राजगिऱ्याची वडी. त्या मुठीतून इतिहासाचा एक धागा निघतो आणि तो धरून चालत गेले, तर आपण पोचतो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, पेरू देशातल्या कुस्को नावाच्या नगरीत. आज तिथवर जाऊन यायचे आहे. शहर पाहू, चार घास खाऊ आणि परत येऊ.

कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसले आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. एका कळसूबाईवर दुसरी ठेवली तरी कुस्कोची पातळी गाठायला थोडे कमीच पडते! तिथली हवा विरळ. नवख्या माणसाला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते, डोके ठणकते. म्हणून जाणते लोक सांगतात, पहिला दिवस काही पाहू नका, हलके खा, कोकाच्या पानांचा काढा घ्या आणि पडून राहा. ज्यांच्या वस्तीच्या नावातच विश्रांती आहे, त्यांना हा सल्ला जड जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी शहर पाहायला निघावे. कुस्को ही इंका राजांची राजधानी. पंधराव्या शतकात पाचाकुती नावाच्या पराक्रमी राजाने तिची नव्याने रचना केली. इंका आपल्या राज्याला 'तावांतिनसुयु' म्हणत, म्हणजे एकत्र बांधलेल्या चार दिशा. चारी दिशांचे रस्ते कुस्कोच्या मुख्य चौकातून निघत. कुस्को या शब्दाचा अर्थ 'बेंबी' असा परंपरेने सांगतात. निदान इंका लोक तरी आपल्या राजधानीकडे त्याच नजरेने पाहत. या लोकांना चाक ठाऊक नव्हते, घोडा ठाऊक नव्हता, लोखंड ठाऊक नव्हते, आणि आपल्या अर्थाने लिपीही नव्हती. दोऱ्यांना गाठी मारून ते हिशेब ठेवीत. एवढ्या साधनांवर त्यांनी पर्वतातून हजारो मैलांचे रस्ते काढले आणि डोंगरउतारांना दगडी ताली घालून शेते उभी केली.

शहरात पाहण्यासारखे पहिले ठिकाण म्हणजे कोरिकांचा. या शब्दाचा अर्थ सोन्याचे आवार. हे सूर्याचे मंदिर. त्याच्या भिंतींना सोन्याचे पत्रे मढवलेले होते आणि त्याच्या बागेत सोन्याची मक्याची रोपे होती. हे वर्णन गार्सिलासो दे ला वेगा या लेखकाने करून ठेवले आहे. हा माणूस १५३९ साली कुस्कोतच जन्मला. बाप स्पॅनिश सरदार, आई इंका राजकुळातली. मामा-मावशांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती त्याने उतारवयात स्पेनमध्ये बसून लिहिल्या आणि त्याचा ग्रंथ १६०९ साली छापला गेला तो पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला. लिस्बन हे गाव लक्षात ठेवा. त्याच्याशी पुढे आपले काम आहे.

सोन्याचे काय झाले? १५३२ सालच्या नोव्हेंबरात फ्रान्सिस्को पिझारो या स्पॅनिश सरदाराने काहामार्का इथे इंका राजा आताहुआल्पा याला दगा देऊन पकडले. राजाने सुटकेसाठी एक खोली सोन्याने भरून देण्याचे कबूल केले. राज्यभरातून दागिने, भांडी, मूर्ती येऊ लागल्या. कोरिकांचाच्या भिंतींवरचे सुमारे सातशे पत्रे पहारी घालून काढण्यात आले. पिझारोच्या माणसांनी ते सारे भट्टीत वितळवले. सुमारे सहा टन सोने निघाले. एवढे करूनही १५३३ च्या जुलैत राजाला ठार मारले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पिझारो कुस्कोत शिरला. कित्येक पिढ्यांची कारागिरी विटा होऊन जहाजात चढली. आज त्यातले जवळजवळ काहीच पाहायला मिळत नाही.

उरले दगड. कोरिकांचाच्या जोत्यावर सांतो दोमिंगोचा मठ आणि चर्च बांधले गेले. खाली इंकांची भिंत, वर स्पॅनिश कमानी. या भिंतीत चुना नाही, माती नाही; दगडाला दगड असा घासून बसवला आहे की सांध्यात सुरीचे पाते शिरत नाही. १९५० च्या मे महिन्यात कुस्कोला मोठा भूकंप झाला. वरच्या चर्चची भारी पडझड झाली, खालची इंका भिंत जागची हलली नाही. उलट पडलेल्या गिलाव्यामागून आणखी जुन्या भिंती उजेडात आल्या. पुणेकराला हे दृश्य अगदीच अनोळखी वाटणार नाही. आपला शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला, १८२८ साली आगीत जळाला, आणि आज आपण पाहुण्यांना जे दाखवतो ते तट, दरवाजे आणि जोती. वरचे सागवानी मजले कल्पनेनेच उभे करायचे. जुनी राजधानी पाहणे म्हणजे बहुतेक वेळा जोते पाहणे, नाही का?

शहराच्या माथ्यावर साक्सायवामान आहे. तीन ओळींचे नागमोडी तट आणि त्यांत शंभर टनांहून जड असे दगड. स्पॅनिशांनी चर्चे आणि वाडे बांधायला इथले दगड कित्येक वर्षे नेले. जे हलवता येण्यापलीकडचे होते तेच राहिले. दर वर्षी २४ जूनला इथे 'इंती रायमी' हा सूर्याचा उत्सव होतो. जुना उत्सव स्पॅनिशांनी बंद पाडला होता. १९४४ साली कुस्कोच्या लोकांनी तो पुन्हा सुरू केला. जुन्या शहराचा समावेश १९८३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

इथवर कोणताही वाटाड्या तुम्हाला नेईल. पण दुपार झाली, भूक लागली, आणि खरे कुस्को इथून पुढे सुरू होते. चला बाजारात.

सान पेद्रोच्या बाजारात बटाट्यांचे ढीग पाहिले की आपला पुणेरी माणूस चक्रावून जातो. पिवळे, तांबडे, जांभळे, काळे. कोणी लांबट, कोणी गाठीगाठीचे, कोणी फोडल्यावर आत निळसर कडे असलेले. आपल्याकडे बटाटा म्हणजे बटाटा. फार तर जुना की नवा, एवढेच विचारायचे. तिथे त्याच्या जाती हजारांत मोजतात. केच्वा भाषेत त्याला 'पापा' म्हणतात. कुस्कोच्या आग्नेयेला तितिकाका नावाचे प्रचंड सरोवर आहे. त्याच्या आसमंतात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी रानटी कंद माणसाळवला. मूळचा कंद कडू, विषारी. कोणा राजाने हुकूम काढून तो गोड केला नाही. कमी कडू कंद निवडायचा, तोच पेरायचा, पुन्हा निवडायचा, असे शेकडो पिढ्यांनी केले. त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

जे कंद कडूच राहिले, त्यांच्यावर त्यांनी दुसरा उपाय काढला. थंडीच्या रात्री बटाटे गवतावर पसरायचे. रात्री ते गोठतात. दिवसा उन्हात विरघळले की पायांनी तुडवून पाणी काढायचे. असे काही दिवस केले की हलका, कोरडा खडा तयार होतो. त्याला 'चुन्यो' म्हणतात. तो वर्षानुवर्षे टिकतो. इंका राजांची कोठारे चुन्योने आणि मक्याने भरलेली असत. त्यावर फौजा चालत आणि दुष्काळ निघत. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या पापड्या वाळत पडतात ना? त्या वाळवणाचे हे थंडीतले भावंड. आपण उन्हावर भिस्त ठेवली, त्यांनी हिमावर.

बाजारात पुढे कणसे दिसतात. दाणे आपल्या मक्याच्या दुपटीहून मोठे. उकडलेल्या कणसाबरोबर पांढऱ्या चीजची वडी देतात. शाकाहारी माणसाची सोय इथेच होते. सिंहगडावर जसे कणीस आणि मडक्यातले दही, तसे हे. शेजारी 'कीविचा'च्या लाह्या असतात. चिमूटभर तोंडात टाका, लगेच ओळख पटेल. अहो, हा आपला राजगिराच! आणि तोंडी लावायला 'उचुकुता'. केच्वा भाषेत उचु म्हणजे मिरची आणि कुता म्हणजे कुटलेली. दगडावर वाटलेली मिरची, एका सुवासिक पाल्याबरोबर, कधी शेंगदाणे घालून. आपला ठेचा काय वेगळा असतो? 'कुता' आणि 'कुटणे' हे ध्वनिसाम्य मात्र निव्वळ योगायोग समजा. त्यावरून इंका आणि मराठे यांचे नाते जोडायला जाल तर भाषाशास्त्री तुम्हाला उभे करणार नाहीत.

शेंगदाण्याचेही मूळ अँडीजच्या पूर्वेकडच्या पायथ्याशी, आजच्या बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाच्या सीमेवर सापडते. १९८७ साली पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर सिपान इथे एका प्राचीन सरदाराचे थडगे उघडले. त्याच्या गळ्यात माळ होती, अर्धी सोन्याच्या आणि अर्धी चांदीच्या भुईमुगाच्या शेंगांची! आपण वर्तमानपत्राच्या पुडीत बांधतो ती शेंग त्या लोकांनी सरदाराच्या गळ्यात घातली होती.

आता कुस्कोचे मोठे चर्च. तिथे मार्कोस सापाता या अठराव्या शतकातल्या स्थानिक चित्रकाराने काढलेले येशूच्या शेवटच्या भोजनाचे चित्र आहे. त्यात ताटात काय वाढले आहे? 'कुई', म्हणजे गिनीपिग, अँडीजमधल्या सणासुदीचा पदार्थ. धर्म जेत्यांचा, चित्राची तऱ्हा जेत्यांची, पण ताट आपले. आणि जूनच्या सुमारास कॉर्पस क्रिस्तीचा सण येतो तेव्हा पहावे. शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांतून त्या त्या चर्चमधल्या संतांच्या मूर्ती खांद्यावर घेऊन, वाजतगाजत लोक मुख्य चौकात येतात. सारे संत मोठ्या चर्चमध्ये एकत्र मुक्काम करतात आणि मग आपापल्या घरी परततात. याच चौकात पूर्वी इंका लोक आपल्या दिवंगत राजांचे जपून ठेवलेले देह उत्सवात आणीत. या सणाला एक खास थंड ताट असते, 'चिरिउचु': कुई, कोंबडी, भाजलेला मका, चीज, समुद्राचे शेवाळ, मिरची. किनारा, डोंगर आणि जंगल एकाच ताटात. पालख्यांच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटेल ते मी सांगायला नको. पेय म्हणून मक्याची 'चिचा' असते. पिण्याआधी तिचे चार थेंब भूमातेला वाहतात. आपले वाडवडील जेवणाआधी चित्राहुती घालीत, त्याची आठवण व्हावी असा हा आचार.

हे सगळे आपल्यापर्यंत आले कसे? इथे लिस्बन कामाला येते. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. ब्राझील, लिस्बन आणि गोवा अशी त्यांची समुद्रवाट बांधली गेली. त्या वाटेने मिरची आली, अननस आला, काजू आला, आणि कंदही आले. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज 'बताता'वरून आपल्याकडे राहिला. उत्तर हिंदुस्थान 'आलू' म्हणतो, आपण बटाटा म्हणतो, एवढ्या एका शब्दात आपल्या किनाऱ्याचा इतिहास आहे. मूळचा 'बताता' हा कॅरिबियन बेटांवरचा शब्द, आणि त्याचा अर्थ रताळे. बटाट्याने रताळ्याचे नाव पळवले, आणि आज दोघेही एकाच उपवासाच्या ताटात शेजारी बसतात! पेरू या फळाचे नाव त्या देशावरून पडले असे एक मत आहे, पोर्तुगीज भाषेतल्या नासपतीच्या नावावरून आले असे दुसरे. फळ मात्र अमेरिकेचेच. घाटमाथ्यावर बटाट्याची लागवड वाढली ती इंग्रजी अमदानीत. महाबळेश्वर वसल्यावर तिथे आणून ठेवलेल्या चिनी कैद्यांनी जे भाजीचे मळे केले, त्यांत बटाटा होता.

आणि परका कंद सोवळ्यात कसा बसला? उपवासाला धान्य वर्ज्य, कंदमुळे चालतात, हा दंडक जुनाच. नवे कंद आले तेव्हा जुन्या निषेधाच्या यादीत त्यांचे नाव असण्याचे कारणच नव्हते. बटाटा कंद म्हणून आत आला. राजगिरा दाण्यासारखा दिसत असूनही गवतवर्गातले धान्य नाही, तोही आत आला. अँडीजमधल्या गरिबाचे रोजचे अन्न आपल्याकडे एकादशीचे फराळ झाले. परंपरा बंद दाराची असते असे म्हणणाऱ्यांनी आपल्या आजीच्या फोडणीकडे एकदा पाहावे.

पण या प्रवासात एक गोष्ट मागे राहिली, आणि तीच मला आज सर्वांत महत्त्वाची वाटते. बटाटा जगभर गेला, पण त्याच्या हजारो जाती गेल्या नाहीत, थोड्याच गेल्या. आयर्लंडमधल्या गरिबांनी जवळजवळ एकाच जातीवर पोट सोपवले. १८४५ साली करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. या अनर्थाला सरकारी धोरणही जबाबदार होते, पण शेतात रोगाला अडवायला दुसरी जातच नव्हती, हेही खरे. अँडीजचा शेतकरी एकाच शेतात अनेक जाती लावतो. हिमात एक जाते, रोगात दुसरी जाते, पावसात तिसरी कुजते. उरतात त्या घर जगवतात. तो त्याचा विमा.

आपल्या पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. उत्तरेत हे पीक थंडीचे, इथे ते पावसाच्या भरवशावर घेतात. पावसाळी ढगाळ हवा म्हणजे करप्याला आमंत्रणच. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९६८ साली 'कुफरी ज्योती' ही जात दिली, ती करप्याला तोंड देण्यासाठीच. अशा जाती तयार करायला शास्त्रज्ञांना अमेरिकेतल्या जुन्या आणि रानटी बटाट्यांकडेच जावे लागते. म्हणजे कुस्कोच्या डोंगरात कोणी म्हातारी आपल्या आईने दिलेला वाकडातिकडा जांभळा बटाटा दर वर्षी पुन्हा लावते, तेव्हा ती नकळत आंबेगावच्या शेतकऱ्याचीही राखण करीत असते.

तिथल्या लोकांना याची जाण आहे. कुस्कोजवळच्या पिसाक खोऱ्यात काही गावांनी मिळून 'बटाट्याचे उद्यान' राखले आहे; तिथे हजाराहून अधिक जाती शेतातच जतन होतात. लिमा शहरात १९७१ साली आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राने पूर्वी याच भागातून गोळा केलेल्या शेकडो जाती २००४ सालच्या करारानुसार या गावांना परत दिल्या. संग्रहालयातली मूर्ती देवळात परत यावी, तसे हे झाले.

कुस्कोचे सोने वितळले. दगड दुसऱ्याच्या इमारतीत गेले. बियाणे मात्र जेत्यांच्या नजरेतून सुटले, आणि तेच साऱ्या जगाला पोसते आहे. तेव्हा कधी योग आला आणि कुस्कोला गेलात, तर कोरिकांचाची भिंत अवश्य पाहा, साक्सायवामान पाहा. पण बाजारातल्या त्या बटाटेवालीपुढेही दोन घटका थांबा, चार जातींची नावे विचारून घ्या आणि घरी येऊन सांगा. जाणे जमले नाही, तरी बिघडत नाही. आपल्या मुळशी-मावळात भाताच्या, सोलापूर-मंगळवेढ्याकडे ज्वारीच्या जुन्या जाती अजून राखून असलेली माणसे आहेत. येत्या सुट्टीत त्यांच्याकडे जावे, एक घास मागून खावा, आणि बियाणे कोणाकडून आले ते विचारून वहीत टिपून ठेवावे. पुढच्या पिढीच्या इतिहासाच्या मास्तराला ती वही उपयोगी पडेल.